निमकरबाईंच्या गाडीचा सेल्फ

गुरुग्रामच्या कुठल्याही सोसायटीच्या गेटवर मी स्कूटर थांबवली की गार्ड आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या मागे बघतो. मागे कोणीच नसतं. मग तो विचारतो, "मैडम, मिस्त्री कहाँ है?" मी पायाशी ठेवलेली पान्यांची पिशवी उचलून खांद्याला लावते आणि म्हणते, "आ गया." इतक्या वर्षांत मी माझ्या उत्तरात बदल केलेला नाही आणि त्यांनीही प्रश्नात केलेला नाही.

मी मार्था साळवे. मोटारींची विजेची कामं करते. बॅटरी, वायरिंग, दिवे, अल्टरनेटर, सेल्फ. गिऱ्हाईक गाडी माझ्याकडे आणत नाही, मीच गाडीकडे जाते. राहायला मयूर विहारला. वडील केंद्र सरकारात टायपिस्ट म्हणून नगरहून दिल्लीला आले आणि इथलेच झाले. मी मिशनच्या शाळेत शिकवावं अशी त्यांची इच्छा होती. मी आयटीआयमध्ये मोटारीच्या विद्युतकामाचा अर्ज भरून आले. वर्गात मी एकटी मुलगी. वडिलांनी बरेच दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. मग एका संध्याकाळी त्यांच्या साहेबांची बंद पडलेली स्कूटर ढकलत घरी घेऊन आले आणि म्हणाले, "बघ जरा." भांडण तिथेच मिटलं. आमच्या घरात माफी मागायची पद्धत नव्हती, काम द्यायची होती.

पुढे मी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये लागले. नाव लिहीत नाही, कारण तिथे जे झालं ते कुठेही झालं असतं. बरीच वर्षं मी गाड्यांखाली काम केलं. एकदा एका साहेबांनी गाडीखालून बाहेर आलेले माझे पाय पाहिले आणि काउंटरवर जाऊन सांगितलं की गाडी पुन्हा एकदा कोणातरी मिस्त्रीकडून तपासून घ्या. पुढच्या आठवड्यात मला बढती मिळाली. काउंटरवर बसायचं, एसी, नेव्ही ब्लू रंगाची साडी, येणाऱ्याला हसून नमस्कार. मी म्हटलं, मला खालीच राहू द्या. मॅनेजर भला माणूस होता, आवाज न चढवता म्हणाला, "मार्थाजी, आपके भले के लिए ही कर रहे हैं." मी ती साडी एकदाही नेसले नाही. राजीनामा दिला, पाने माझे स्वतःचे होते ते पिशवीत भरले आणि निघाले. तेव्हापासून कोणी माझं भलं करायला लागलं की मी आधी दार कुठे आहे ते बघून ठेवते.

आता ज्या गाडीबद्दल लिहायला बसले तिच्याकडे येते. त्यासाठी सेल्फ म्हणजे काय ते सांगायला हवं.

गाडीचं इंजिन आपणहून सुरू होत नाही. पहिले काही फेरे कोणीतरी फिरवून द्यावे लागतात. जुन्या काळी माणूस पुढून लोखंडी हँडल घालून फिरवायचा. आता ते काम एक छोटी पण चांगली जड मोटर करते. पुस्तकात तिचं नाव स्टार्टर मोटर, पण गल्लीबोळात सगळे तिला सेल्फ म्हणतात. किल्ली फिरवली की बॅटरीची वीज तिच्यात शिरते, तिचं दातेरी चाक पुढे सरकून इंजिनाच्या मोठ्या चाकात अडकतं, ते गरगर फिरवतं, आणि इंजिन चालू झालं की मागे सरतं. क्षणभराचं काम. त्यानंतर तिची कोणाला आठवणही राहत नाही. ती गेली की मात्र एवढी मोठी गाडी नुसती टक् असा आवाज करते आणि गप्प बसते.

निमकरबाईंची गाडी तशी गप्प बसली होती.

वत्सला निमकर म्हणजे आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत पहिल्या रांगेत बसणाऱ्या, शिडशिडीत, करड्या केसांच्या बाई. केंद्र सरकारात अकाउंट्स ऑफिसर होत्या. नवऱ्याला गाडी चालवायची भीती वाटायची, म्हणून लग्नानंतर यांनी लायसन्स काढलं, आणि नोकरीभर त्यांना ऑफिसला सोडून मग स्वतःच्या ऑफिसला जायच्या. नवरा गेल्यावर गुरुग्रामला मुलाकडे, निखिलकडे राहायला आल्या. सोबत कपडे, पुस्तकं आणि आपली छोटी पांढरी गाडी घेऊन आल्या.

एका सकाळी त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं काही न बोलता म्हणाल्या, "मार्था, इंजिन जाम झालं म्हणजे नक्की काय होतं गं?"

मी सांगितलं की आतले भाग एकमेकांत अडकून बसतात, दुरुस्ती गाडीच्या किमतीला भारी पडते, बहुतेक लोक गाडी काढून टाकतात. त्या म्हणाल्या की निखिलनं मेकॅनिकला दाखवली, मेकॅनिक तसंच म्हणाला. शनिवारी गाडी न्यायला माणूस येणार आहे. मग म्हणाल्या, "एकदा तू बघून जा. मला तिचं तोंड न बघता सोडायचं नाहीये."

मी गुरुवारी गेले. गाडी बेसमेंटमध्ये खांबाला लागून उभी होती. उन्हाळाभर उभी राहिलेली बॅटरी उतरलेली असणार हे उघड होतं, म्हणून मी तिच्या जागी माझी भरलेली बॅटरी बसवली. निमकरबाई सीटवर बसल्या, किल्ली फिरवली. टक्. पुन्हा टक्. मी त्यांना हेडलाइट लावून पुन्हा किल्ली फिरवायला सांगितलं आणि समोर उभी राहिले. दिवे जराही मंद झाले नाहीत. इंजिन अडकलेलं असेल तर सेल्फ ते फिरवण्यासाठी ओढ घेतो, सगळी वीज पितो, दिवे मलूल होतात. इथे कोणी वीज पीतच नव्हतं. मग गाडी गियरमध्ये टाकून आम्ही दोघींनी पुढे-मागे हलवली. इंजिन फिरत होतं. कुरकुरत, पण फिरत होतं.

मी सांगितलं की इंजिनाला काहीही झालेलं नाही, सेल्फ मेलाय. बदलला की गाडी चालू.

 बोनेटवरच्या धुळीवर माझ्या हातांचे ठसे उमटले होते, निमकरबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या आधी हे बोनेट कोणी उघडलेलंच नाही."

मी मान खाली घातली. गाड्यांच्या कामात मला घरांतलं पुष्कळ दिसतं. त्यावर बोलायचं नाही हा माझा नियम आहे. पण त्या माझ्या बोलण्यासाठी थांबल्या नव्हत्याच. गेल्या हिवाळ्यात धुक्यात गाडी गेटच्या दांडीला घासली होती, आरसा तुटला होता, तेव्हापासून निखिल म्हणत होता की आई, आता बस. त्या नाही म्हणत होत्या. मग एक दिवस गाडी सुरू झाली नाही आणि निखिलला आयतं कारण मिळालं. मेकॅनिक कोणी आलाच नव्हता.

"किती वेळ लागेल बदलायला?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, दुपार जाईल. पण तुमच्या सोसायटीचा नियम गेटवरच्या बोर्डावर लिहिलाय, बेसमेंटमध्ये गाडी दुरुस्त करायची नाही. क्रेन मागवून बाहेर नेऊ या.

"एकदा गाडी क्रेनवर चढली की ती परत येणार नाही," त्या म्हणाल्या. "इथेच कर. आजच कर."

मी नवा सेल्फ आणायला गेले. खोटं कशाला सांगू, दुकानात उभी असताना विचार आला की आपण कशाला या मायलेकरांच्या मधे पडायचं. मग काउंटरवरची ती घडी केलेली साडी आठवली. खोकं घेऊन परत आले. गार्डनं खोक्यात काय आहे विचारलं. मी म्हटलं, सेल्फ. त्यानं कुठल्यातरी फ्लॅटची डिलिव्हरी समजून आत सोडलं.

घरच्या घरी सेल्फ बदलणं अशक्य नाही, पण क्रम चुकवायचा नाही. सगळ्यात आधी बॅटरीची काळी वायर सोडायची, कारण सेल्फकडे जाणारी जाड वायर थेट बॅटरीची असते. तिला पाना लागून तो लोखंडाला टेकला तर ठिणगी उडते आणि हात जातो. मग हँडब्रेक, मागच्या चाकांना अडण्या, पुढून जॅक, आणि जॅकवर भरवसा न ठेवता दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड, ज्यांना आम्ही घोड्या म्हणतो. जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाणारे लोक मी पाहिलेत. त्यातल्या एकाच्या घरी नंतर भेटायलाही गेले होते. मी घोड्या लावल्याशिवाय आत डोकं घालत नाही.

पुठ्ठा अंथरून मी खाली शिरले. त्या गाडीत सेल्फ इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सला चिकटून बसतो. जाड वायर सुटली, बारीक वायरीचा क्लिप निघाला, खालचा बोल्ट निघाला. वरचा हलेना. दिल्लीकडच्या पावसाळ्यांनी गंजून बसला होता. गंजलेल्या बोल्टवर जोर केला तर त्याचं डोकं झिजतं आणि पाना गोल फिरायला लागतो, मग सगळं इंजिन उतरवायची वेळ येते. मी त्यावर गंज सोडवणारं तेल मारलं आणि बाहेर आले. निमकरबाई घरून थर्मास आणि प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन आल्या होत्या. आम्ही चहा घेतला. त्यांनी विचारलं, तुला कधी सोडावंसं वाटलं नाही का हे? मी म्हटलं, खांदा दुखतो तेव्हा रोज वाटतं. कोणी सोड म्हणालं की वाटेनासं होतं.

तेवढ्यात सोसायटीचा मॅनेजर दोन गार्ड घेऊन आला. कॅमेऱ्यात दिसलं होतं. माणूस उद्धट नव्हता. बेसमेंटमध्ये दुरुस्ती म्हणजे तेल, आग, धूर, वरती एवढी कुटुंबं राहतात, असं त्यानं नीट समजावलं. मी सांगितलं की तेल सांडणारं काम नाही, वेल्डिंग नाही, बॅटरी सोडलेली आहे, बघून घ्या. त्यानं बघितलं नाही. म्हणाला, निखिल सरांशी बोलणं झालंय, तेही म्हणतात काम थांबवा. गाडी आहे तशी खाली उतरवा आणि पिशवी घेऊन बाहेर चला.

निमकरबाईंनी थर्मासचं झाकण लावलं. स्टूल उचललं, गाडीच्या बरोब्बर पुढे ठेवलं आणि त्यावर बसल्या. मग त्यांच्या ऑफिसातल्या हिंदीत, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "गाडी मेरे नाम है. पार्किंग मेरे नाम है. ये मेरी मेहमान हैं. इनको निकालना है, तो पहले मुझे उठाइए."

चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला स्टुलावरून उचलायची कोणाची तयारी नव्हती. मॅनेजर फोनवर बोलत निघून गेला. थोड्या वेळानं त्या भागातले सगळे दिवे गेले.

भर दुपारी बेसमेंटमध्ये काळोख झाला. मला हसू आलं, आणि रागही आला. सेल्फ बदलताना वरचा बोल्ट उजेडातही दिसत नाही, तो बोटांनीच शोधायचा असतो, हे दिवे घालवणाऱ्या त्या बिचाऱ्या मॅनेजरला कोणी सांगितलं नव्हतं. तरी वायरी जोडताना उजेड लागणार होता. निमकरबाईंनी फोनचा टॉर्च लावला, पदर खोचला आणि फरशीवर वर्तमानपत्र टाकून गुडघ्यांवर बसल्या. मी म्हटलं, अहो, गुडघे दुखतील. त्या म्हणाल्या, "दुखू देत. कुठे धरू सांग."

मी पान्याला लांब पाइप लावला आणि हळूहळू जोर वाढवत नेला. बराच वेळ काहीच नाही. मग कर्र असा आवाज झाला. या आवाजाचे दोन अर्थ असतात, बोल्ट सुटला किंवा तुटला. मी बोटं घालून पाहिलं. सुटला होता. जुना सेल्फ निघून माझ्या छातीवर आला, लहान मूल ठेवावं तसा जड. तो बाजूला ठेवून मी नवा वर चढवला. एका हातानं पेलून धरायचा, दुसऱ्यानं आंधळेपणानं बोल्टचा पहिला आटा पकडायचा, हा या कामातला सगळ्यात वाईट भाग. माझा उजवा खांदा पेटला होता. टॉर्च मात्र जराही हलला नाही.

शेवटची वायर आवळत असताना निखिल आला. मला गाडीखालून फक्त त्याचे बूट दिसत होते. तो शांतपणे बोलत होता, अर्धं मराठी, अर्धं हिंदी, दिल्लीत वाढलेली मुलं बोलतात तसं. आई, प्लीज उठ, सगळे बघतायत, असं काहीतरी. निमकरबाई उठल्या नाहीत. म्हणाल्या, आधी हिचं काम होऊ दे.

मी बाहेर आले, हात पुसले. निखिल माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग असेल असं मला वाटलं होतं. तो घाबरलेला होता.

"मावशी, तुम्ही गाडी चालू करून निघून जाल," तो म्हणाला. "उद्या हायवेवर ती एकटी असेल. काही झालं तर फोन मला येणार आहे."

हे खरं होतं. मी ते मान्य केलं. एवढंच म्हटलं की ही भीती तू आईला सांग, माझ्या कामाला नको.

निमकरबाई गुडघ्याला हात लावून सावकाश उभ्या राहिल्या. "निखिल, तू मला म्हातारी म्हण, मी ऐकून घेईन. माझ्याशी भांड. पण ज्या गाडीला काही झालं नाही ती मेली असं मला सांगायचं नाही. उद्या मी आजारी पडले तर तू माझ्याबद्दलही असंच ठरवशील का, मला न विचारता?"

तो खांबाकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "सॉरी, आई." पुढे काही बोलायचा प्रयत्न केला, पण मराठीत शब्द सापडेना आणि हिंदीत त्याला बोलायचं नसावं.

मी घोड्या काढल्या, गाडी चाकांवर आली, काळी वायर लावली. निमकरबाई आत बसल्या. सीट पुढे घेतली, आरसे नीट केले, पट्टा लावला. किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात इंजिन लागलं. इतके महिने उभं राहिलेलं इंजिन थोडं खोकलं, मग सुरात आलं. मी या धंद्यात आयुष्य काढलंय, तरी तो आवाज ऐकला की माझ्या अंगावर अजून काटा येतो.

मी त्यांच्या शेजारी बसले, कारण काम झाल्यावर एक चक्कर मारून बघायचीच असते. मागचं दार उघडून निखिलही आत येऊन बसला, गुडघे छातीशी घेऊन. त्याला कोणी बोलावलं नव्हतं आणि कोणी उतर म्हटलं नाही. चढणीवर निमकरबाईंकडून गाडी बंद पडली. मागून एक मोठी गाडी हॉर्न वाजवायला लागली. त्यांनी घाई केली नाही. ब्रेक दाबला, किल्ली फिरवली, पुन्हा निघाल्या. गेटवर मॅनेजर उभा होता. त्यानं दांडी वर केली, दुसरं काय करणार. बाहेर त्या जपून चालवत होत्या, लेन न सोडता, गुरुग्रामच्या रस्त्यावर ज्याला लोक शिव्या देतात तसं. पहिल्या यू-टर्नला वळतील असं आम्हाला वाटलं. वळल्या नाहीत. निखिलनं कुठे चाललोय विचारलं. त्यांनी पेट्रोल पंपावर गाडी घेतली, काच खाली केली आणि म्हणाल्या, "फुल कर दीजिए."

शनिवारी गाडी घ्यायला आलेला माणूस गेटवरूनच परत गेला.

मला मात्र त्या सोसायटीनं आत यायची बंदी केली. ती अजून आहे. मी काही ती उठवा म्हणून अर्ज केला नाही. त्या सोसायटीतल्या बऱ्याच बायका गाडी घेऊन बाहेरच्या सर्व्हिस रोडवर येतात, मी तिथे पुठ्ठा अंथरून काम करते. ऊन लागतं, जाणारे-येणारे थांबून बघतात. बघू देत. खंत एकाच गोष्टीची आहे. बघणाऱ्यांतल्या दोन मुली शिकायला आल्या, हात चांगले होते दोघींचे, पण घरच्यांनी त्यांचं भलं केलं. एक आता कॉल सेंटरला आहे, दुसरीचं लग्न झालं. तिसरी येईल तेव्हा मी तिच्या घरच्यांशी भांडायला स्वतः जाणार आहे.

निमकरबाई पुढे दोन वर्षं गाडी चालवत होत्या, दिवसाउजेडी. मग गेल्या थंडीत त्यांचा फोन आला की समोरच्या गाडीचा ब्रेकलाइट आता उशिरा दिसतो, गाडी विकायची आहे, येऊन नीट तपासून दे, कोणाला फसवायचं नाही. निखिलला त्यांनी हे सगळं ठरवल्यावर सांगितलं. तो चक्क म्हणाला, अजून थोडे दिवस ठेव की. त्या ऐकतात होय. घेणारी एक शाळेतली शिक्षिका निघाली, नुकतंच लायसन्स मिळालेली. निमकरबाईंनी स्वतः गाडी चालवत तिच्या घरी नेली, मी सोबत होते. क्लच कसा जड आहे, थंडीच्या सकाळी गाडी कशी सुरू करायची, सगळं सांगितलं, किल्ली तिच्या हातात दिली आणि मागे न बघता रस्त्याला लागल्या.

परत येताना आम्ही मेट्रोनं आलो. लेडीज डब्यात गर्दी होती. एक कॉलेजातली मुलगी लगबगीनं उठली आणि त्यांना म्हणाली, आंटी, आप बैठिए.

निमकरबाईंनी वरचा दांडा घट्ट पकडला. "नहीं बेटा, तुम बैठो," त्या म्हणाल्या. "मैं आज तक बैठकर ही आती-जाती रही हूँ."

आणि आमचं स्टेशन येईपर्यंत त्या उभ्या राहिल्या.